सोलापूरहून जपान: देवळं कशी बघायची आणि पोटाचं काय करायचं

जपानला जायचं म्हणलं की आपल्याकडं पहिला प्रश्न असतो टूर कंपनी कुठली आणि दुसरा असतो तिकडं खायचं काय. पहिल्याचं माझं उत्तर, कुठलीच नको, स्वतः जा, रेल्वे वेळेवर येते, चोरीमारीची भीती फार नाही, गुगल मॅप तर कुठल्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं ते पण सांगतं. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, ते खाली नीट लिहिलंय, कारण आमच्यात आई आणि मावशी पक्क्या शाकाहारी, भावाला मटणाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, त्यामुळं दोन्ही बाजूंचा अभ्यास आपोआप झाला.

पण त्याच्या आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या. आपल्याला देवदर्शनाची सवय कशी, पहाटे गाडी काढायची, अक्कलकोट, गाणगापूर, जमलं तर येताना तुळजापूर, आणि रात्री घरी येऊन पिठलं-भाकरी. जपानात असं उरकायला गेलात तर वाट लागेल. एकट्या क्योतोत देवळं दीड-दोन हजार आहेत आणि चौथ्या देवळानंतर सगळी छपरं सारखीच दिसायला लागतात, पाय दुखतात ते वेगळंच. माझा हिशोब सरळ आहे, सकाळी लवकर एक मोठं देऊळ, दुपारी एक छोटं, आणि मग खाणं. देवळं बहुतेक ठिकाणी चार-पाचला बंद होतात आणि शेवटची एंट्री अर्धा तास आधीच थांबते, त्यामुळं "आधी झोप काढू, मग संध्याकाळी जाऊ" हे तिथं चालतच नाही.

कधी जायचं आणि आधी काय करायचं

चेरीचा बहर टोकियो-क्योतोत साधारण मार्चच्या शेवटाला आणि एप्रिलच्या सुरुवातीला असतो, म्हणजे नेमका आपल्या पोरांच्या परीक्षांत. त्याचं एवढं वाईट वाटून घेऊ नका, तेव्हा हॉटेलचे रेट पण बहरलेले असतात. शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर २९ एप्रिल ते ५ मे हा त्यांचा गोल्डन वीक सोडून द्या, तेव्हा अख्खा जपान एकदम फिरायला निघतो, त्याच्यानंतरचा मे महिना मात्र झकास. जूनमध्ये त्यांचा पावसाळा लागतो. ऑगस्टमध्ये जाऊ नका असं मी सोलापूरच्या माणसाला पण सांगतो, आपण बेचाळीस डिग्री काढलेली माणसं खरी पण आपलं ऊन कोरडं, क्योतोचं ऊन चिकट, अंगातला शर्ट पिळून निघतो. माझ्या मते दिवाळीची सुट्टी सगळ्यात बेस्ट. दिवाळी उशिरा आली की अजून चांगलं, कारण क्योतोत पानं लाल व्हायला नोव्हेंबरचा मध्य उजाडतो.

व्हिसा लागतो. टुरिस्टसाठी ऑनलाइन मिळणारा ई-व्हिसा आहे आणि अर्ज व्हीएफएस नावाच्या, व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरमार्फत जातो. रात्रीची सिद्धेश्वर पकडून मुंबई गाठायची, काम करून दुसऱ्या रात्री परत, आपल्याला काय नवीन नाही ते. एक लक्षात ठेवा, हा ई-व्हिसा तिकडच्या विमानतळावर फोनवर इंटरनेट लावून लाइव्ह दाखवायचा असतो, प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालायची आपली सवय इथं कामाला येत नाही. त्यामुळं उतरल्या उतरल्या नेट चालू पाहिजे, ई-सिम आधीच घेऊन ठेवा. व्हिजिट जपान वेब नावाच्या साइटवर आधीच फॉर्म भरून क्यूआर कोड घेऊन ठेवला की इमिग्रेशन आणि कस्टमची लाइन पटकन सरकते.

बॅगेत कडक भाकरी आणि शेंगा चटणी घ्याच, सोलापूरच्या माणसाला हे सांगायला नको म्हणा. कडक भाकरी टिकते, वजनाला हलकी, आणि जेवायला उशीर झाला की हीच कामाला येते. पण मटण-चिकनचं काहीच नेऊ नका, अगदी पॅकबंद असलं तरी, मांसाबाबत ते लई कडक आहेत. ताजी फळं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या पण घरीच. कस्टमवाल्यानं विचारलं तर डब्यात काय आहे ते सरळ सांगायचं. आणि औषधं बघून घ्या, सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलं तर तिकडं बंदी आहे. आपल्याकडं मेडिकलमध्ये सहज मिळणारी गोळी तिकडं भानगड होऊ शकते, म्हणून पाकिटामागचं वाचूनच पिशवीत टाका.

बूट असे घ्या की वाकल्याशिवाय काढता-घालता येतील. दिवसातनं पाच-सहा वेळा काढावे लागतात, देवळात, काही हॉटेलात, काही ठिकाणी तर ट्रायल रूममध्ये पण. मोज्याला भोक नको, बाकी तुमची मर्जी.

पैसा आणि रेल्वे

१०० येन म्हणजे ५५-६० रुपये धरून चला, हिशोब सोपा जातो. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं पण देवळात, छोट्या हॉटेलात, लॉकरला रोखच लागते. पैसे काढायला सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातलं एटीएम वापरा, आपली कार्डं तिथं चालतात.

जेआर पास, म्हणजे ठरावीक दिवस जपानभर रेल्वेनं फिरायचा पास, त्याचं भूत आधी उतरवा. जुने व्हिडिओ बघून सगळे म्हणतात पास घ्या पास घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा भाव वाढला, सात दिवसांचा २९,६५० येनचा पास एकदम ५०,००० ला गेला. टोकियो-क्योतो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन, म्हणजे जाऊन येऊन २८,०००. टोकियो, क्योतो, ओसाका एवढंच करायचं असेल तर पास म्हणजे पैसे पाण्यात. हिरोशिमा आणि अजून लांबलांबचं एका आठवड्यात कोंबणार असाल तरच गणित मांडून बघा. शहरातल्या शहरात सुइका किंवा इकोका असं एक कार्ड घ्या, मेट्रो, बस, दुकान सगळीकडं टेकवायचं. टोकियोहून क्योतोला जाताना ई नंबरची खिडकी मागा, आभाळ साफ असेल तर फुजी त्याच बाजूला दिसतो. मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरनं दुसऱ्या शहरातल्या हॉटेलला पाठवता येतात, त्याला ताक्युबिन म्हणतात, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचतात. आई-वडील बरोबर असतील तर हे पैसे वाचवायच्या नादी लागू नका, तिथल्या स्टेशनांत चालणं आणि जिने प्रचंड आहेत.

देवळात गेल्यावर

दोन प्रकार आहेत. एक शिंतो लोकांचं, त्याला जिंजा म्हणतात, बाहेर दोन खांबांची तोरी नावाची कमान असते, बऱ्याचदा लाल-केशरी. दुसरं बौद्धांचं, त्याला तेरा म्हणतात, तिथं मोठा दरवाजा, उदबत्तीचं मोठं भांडं, आत मूर्ती. फरक कळणं गरजेचं आहे कारण नमस्कार वेगवेगळा आहे.

कमानीपाशी थोडं वाकायचं आणि आत जाताना रस्त्याच्या मधोमध चालायचं नाही, मधली वाट देवाची मानतात, कडेनं चालायचं. मग पाण्याचं टाकं येतं. पळी उजव्या हातात घेऊन डावा हात धुवायचा, मग डाव्या हातात घेऊन उजवा, मग परत उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी ओतून चूळ भरायची, पळीला तोंड लावायचं नाही, आणि चूळ टाक्यात नाही तर बाहेरच्या बाजूला टाकायची. शेवटी पळी उभी धरायची म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरनं ओघळतं आणि पुढच्यासाठी दांडा पण धुतला जातो. हे सगळं एका पळीभर पाण्यात बसवायचं असतं. मावशीला हे एवढं आवडलं की तिनं प्रत्येक ठिकाणी केलं, आणि शेजारच्या एका जपानी आजींनी मान हलवून पसंती दिली. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी पळ्याच काढून टाकल्यात, तिथं बांबूतनं पाणी पडतं, नुसते हात धुवायचे.

जिंजात नाणं टाकायचं, घंटा असेल तर दोर हलवायचा, दोनदा कमरेत वाकायचं, दोनदा टाळी, हात जोडून जे काय मागायचं ते मागायचं, परत एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळी वाजवायची नाही, फक्त हात जोडायचे, आपल्याला ते जन्मापासून येतंय. मधी भोक असलेलं पाच येनचं नाणं शुभ मानतात, त्यामुळं सुट्टे आले की पाचची नाणी बाजूला काढून ठेवा. गाभाऱ्याचे फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, पाटी बघा. आणि बूट काढायची जागा असेल तर बूट काढून सरळ उंच लाकडी फळीवरच पाय ठेवायचा, बूट काढून त्याच खालच्या फरशीवर मोज्यानं उभं राहिलात तर काढून उपयोग काय.

चिठ्ठी काढायची पद्धत आहे, ओमिकुजी. टोकियोच्या सेन्सोजीत १०० येन टाकून डबा हलवायचा, काडी निघते, तिच्यावरचा नंबर बघून त्या खणातला कागद घ्यायचा. सेन्सोजीत वाईट चिठ्ठ्या जास्त निघतात म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळं तोंड पाडू नका, तिथंच तारांचा स्टँड असतो, त्याला कागद बांधून टाकायचा म्हणजे नशीब तिथंच राहिलं. शिक्क्यांची वही मिळते, तिच्यात प्रत्येक देवळात पुजारी ब्रशनं सुंदर अक्षरात लिहून लाल शिक्का मारून देतात, ३०० ते ५०० येन. फ्रिजवरच्या मॅग्नेटपेक्षा हजार पटीनं भारी आठवण. पण आधी दर्शन, मग शिक्का, आणि साध्या वहीत मागू नका, नाही म्हणतात.

कुठली देवळं

टोकियोत सेन्सोजी सगळेच करतात, करा, पण सकाळी सहा-सातला. तो मोठा लाल कंदील, साधारण चार मीटर उंच आणि सातशे किलोचा, सकाळी निवांत बघायला मिळतो. अकरा वाजता गेलात तर आपल्या गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी, फक्त भोंगे नसलेली. तिथनं दहा मिनिटं चालत नदीकडं गेलात की मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं देऊळ लागतं, आणि मराठी माणसानं हे चुकवायचंच नाही, कारण इथला देव म्हणजे आपला गणपती. त्यांच्याकडं त्याला कांगितेन म्हणतात. मूर्ती दाखवत नाहीत, कायम झाकलेली. आणि नैवेद्य काय, तर मुळा! मोदक नाही, दुर्वा नाही, पांढराशुभ्र जाडजूड मुळा. तिथंच विकत मिळतो, तो देवापुढं ठेवायचा, भिंतीवर, दगडावर, जिथं तिथं दोन मुळ्यांची एकमेकांत गुंतलेली नक्षी कोरलेली. देवापुढचे मुळे नंतर आलेल्या लोकांना प्रसाद म्हणून देतात. आईनं एक घेतला, मग हॉटेलात किसायला किसणी नाही म्हणून तसाच मीठ लावून खाल्ला. ७ जानेवारीला तर तिथं मुळ्याचा उत्सवच असतो.

टोकियोहून एक दिवस निक्कोला जाऊन या, असाकुसा स्टेशनवरनं गाडी आहे, दोनेक तास. तोशोगू देवळातल्या घोड्यांच्या तबेल्यावर लाकडात कोरलेली ती तीन माकडं आहेत, वाईट बघू नका, ऐकू नका, बोलू नका. आपण ती गांधीजींची माकडं म्हणून शाळेत शिकलो, मूळ जपानचं.

क्योतोत मी सगळ्यात वर सान्जूसान्गेन्दो ठेवीन, किन्काकुजीच्या पण वर. किन्काकुजी म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेलं ते तळ्यातलं देऊळ, १९५० मध्ये एका तरुण भिक्षूनं जाळलं आणि १९५५ मध्ये परत बांधलं, बघायला छानच आहे पण वीस मिनिटांत फोटो काढून माणूस बाहेर पडतो. सान्जूसान्गेन्दो ११६४ सालचं, जळाल्यावर १२६६ मध्ये परत बांधलेलं, १२० मीटर लांब एकच लाकडी दालन आणि आत कान्नोनच्या, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवतेच्या, १००१ मूर्ती रांगेत. पण खरी गंमत पुढच्या ओळीत, तिथं २८ रक्षक देव उभे आहेत आणि त्यात आपली अर्धी मंडळी आहेत. इंद्र, ब्रह्मा, लक्ष्मी. गरुड आहे तो चोचीनं बासरी वाजवतोय! एक वसू नावाचा ऋषी आहे, बरगड्या मोजून घ्याव्या इतका वाळलेला, काठी टेकत उभा. मावशी एकेकापुढं थांबून ओळखत होती आणि आम्ही मागं, परीक्षेला बसल्यासारखे. फोटो सक्त मना आहे, त्यामुळं लोक खरंच बघतात. दीड तास ठेवा.

फुशिमी इनारी, हजारो केशरी कमानींचं, ते चोवीस तास उघडं आणि फुकट, क्योतो स्टेशनवरनं लोकलनं दोन स्टेशनं. पहाटे जा आणि निदान अर्ध्यापर्यंत तरी चढा, गर्दी पहिल्या दहा मिनिटांतच असते, वर जाईल तशी विरळ होत जाते. कियोमिझुदेरा सकाळी सहाला उघडतं. तो मोठा लाकडी सज्जा १६३३ सालचा, तेरा मीटर उंच, तिथनं खाली क्योतो दिसतं. गिओनच्या गल्ल्यांत गेइशांच्या मागं मोबाइल घेऊन पळू नका, खासगी गल्ल्यांत २०२४ पासून जायलाच बंदी आहे, १०,००० येन दंड.

आणि सोलापूरकरांसाठी खास, निशिजिन. क्योतोतला विणकरांचा भाग. किमोनोचं जरीचं कापड इथं विणतात, आणि ज्या जॅकार्ड मागावर आपली चादर निघते तोच जॅकार्ड यांनी १८७० च्या दशकात फ्रान्सला माणसं पाठवून शिकून आणला. निशिजिन टेक्स्टाइल सेंटरमध्ये कारागीर माग चालवून दाखवतात. ज्यांच्या घरात, शेजारात माग होते, आणि आपल्यात ते कुणाच्या नव्हते, त्यांना तो पंचकार्डांचा पट्टा वर फिरताना बघून वेगळंच वाटतं. बरोबरचे गुजरातचे एक काका दोन मिनिटांत बाहेर पडले, भाऊ मात्र धाग्याचा काउंट विचारत बसला, तो पण हातवारे करून.

नारा क्योतोपासून पाऊण तास. तोदाइजीतला बुद्ध साधारण पंधरा मीटर उंच, ब्राँझचा. ७५२ साली त्याचे डोळे उघडायचा विधी झाला तेव्हा ब्रश हातात धरणारा भिक्षू भारतातला होता, बोधिसेन त्याचं नाव. देवळात एका खांबाला भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढं म्हणतात, त्यातनं पलीकडं गेलं की पुण्य. पोरांना घुसवा, आपण पोट बघून ठरवा. बाहेरची हरणं बिस्किटासाठी मान वाकवून नमस्कार करतात, पण बिस्किट दाखवून टाळलंत तर शर्ट ओढतात, कागद दिसला तर कागद पण खातात. पासपोर्ट आत ठेवा.

एक रात्र कोयासान करा, बाकी काही कमी झालं तरी चालेल. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरनं नान्काइची गाडी, मग डोंगर चढणारी केबल कार, मग बस. कुकाइ नावाच्या भिक्षूनं बाराशे वर्षांपूर्वी वसवलेलं हे देवळांचं गाव, आणि देवळातच राहता येतं. तिथले लोक मानतात की कुकाइ ८३५ साली गेले नाहीत, अजून ध्यानात बसलेत, त्यांना रोज दोन वेळा जेवण घेऊन जातात. परदेशी पाहुण्यांना हे समजावून सांगावं लागतं, आपल्या आईला आळंदी एवढं म्हणलं की पुरे. त्यांच्या समाधीच्या जागेला ओकुनोइन म्हणतात, तिकडं जाणाऱ्या दोन किलोमीटरच्या वाटेवर उंच उंच झाडं आणि दोन लाखांवर समाध्या, त्यात एक स्मारक वाळवीनाशक औषधवाल्यांच्या संघटनेनं मारलेल्या वाळवीसाठी बांधलंय. सकाळी सहा-साडेसहाला प्रार्थना असते, काही ठिकाणी अग्नीत आहुती टाकत होम चालतो, त्याला ते गोमा म्हणतात, आणि समोर बसलं की मंत्र कळत नसले तरी चाललंय काय ते कळतं. दोन जेवणांसकट माणशी १५,००० येनच्या पुढं धरा. संध्याकाळचं जेवण साडेपाच-सहाला, उशीर करू नका.

आता पोटाचं

शाकाहारी लोकांचा खरा शत्रू मांस नाही, दाशि आहे. दाशि म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाचं पाणी, आणि ते सगळ्यात असतं. मिसो सूप, उदोन म्हणजे जाड नूडल्स त्यांचा रस्सा, सोबा म्हणजे थंड बारीक नूडल्स त्यांच्याबरोबरची वाटी, टेम्पुरा म्हणजे भाज्यांची भजी त्यांच्याबरोबरचा सॉस, अगदी साध्या उकडलेल्या पालकात पण. "नो मीट, नो फिश" म्हणलं की वेटर मान डोलावतो आणि तेच सूप आणून ठेवतो, कारण त्याच्या लेखी त्यात मासा कुठाय. ओसाकात ओकोनोमियाकी मागवलं, कोबीचं जाडसर धिरडं म्हणा, नुसत्या भाजीचं सांगितलं, आलं ते बघतो तर वर पातळ पापुद्रे गरम वाफेनं वळवळतायत, जिवंत असल्यासारखे. तेच कात्सुओबुशी, माशाचे. त्यामुळं तवा तापायच्या आधी "कात्सुओबुशी नाशि दे" म्हणायचं.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे फोनवर जपानीत लिहिलेली चिठ्ठी. ट्रान्सलेट अ‍ॅपमध्ये लिहा, मी मांस, मासे, अंडी, माशाचं दाशि खात नाही, कोन्बू आणि शिइताकेचं दाशि चालतं. कोन्बू म्हणजे समुद्री पाला, शिइताके म्हणजे मशरूम. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्यामुळं आचाऱ्याला काय करता येईल ते कळतं, नुसता नन्नाचा पाढा वाचला की तो हात वर करतो. तोंडानं सांगायचं तर "निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशि मो दामे देसु."

कांदा-लसूण पण न खाणारे असाल तर तुमच्यासाठी शोजिन र्‍योरी, देवळातलं जेवण, परंपरेनं त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. कोयासानला राहिलात की हेच मिळतं, छोट्या छोट्या वाट्या, तिळाचा टोफू, सुकवलेला कोया टोफू, लोणची, भात. क्योतोत अराशियामाच्या तेन्र्‍युजी देवळात शिगेत्सु म्हणून जागा आहे, आधी बुकिंग करा. तिखटाची अपेक्षा ठेवू नका. शेंगा चटणीची पुडी मांडीखाली ठेवून हळूच घ्या, पण देवळातल्या ताटात घालायचं जरा बरं दिसत नाही, एवढं सांभाळा.

टोकियो स्टेशनच्या आत टीज् तानतान नावाचं हॉटेल आहे, तिथलं रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, पूर्ण शाकाहारी, तीळ-शेंगदाण्याचा दाट झणका रस्सा, सोलापूरच्या जिभेला पटकन पटतो. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत बऱ्याच शाखांत वेगळी व्हेजिटेरियन करी असते, मागताना तीच मागा, साध्या करीत मांसाचा अर्क असतो. कॉम्बिनीतली, म्हणजे सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानांतली, काकडीची सुशी आणि मिठाचा साधा ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा चालून जातं, बाकी पाकिटावर कॅमेरा धरून वाचा, ब्रेडमध्ये पण चरबी निघते. आणि अगदीच जीव कासावीस झाला तर नेपाळी लोकांची इंडियन हॉटेलं प्रत्येक स्टेशनजवळ आहेत, हजार येनच्या आसपास लंच, नान ताटाबाहेर लोंबतो आणि जरा गोड असतो. टोकियोत निशि-कासाइला आपले लोक खूप, डाळ-तांदूळ-मसाले सगळं मिळतं, त्याच एडोगावा भागातनं २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले होते.

खाणाऱ्यांचं काय, मजाच मजा. रामेनच्या दुकानात दारात मशीन असतं, आधी पैसे टाका मग बटण दाबा, चिठ्ठी आत द्या. रस्सा ओढताना आवाज केला तरी चालतो. तोन्कोत्सु म्हणजे डुकराच्या हाडांचा रस्सा, चालत नसेल तर आधी बघा, हलाल रामेनची दुकानं असाकुसात आहेत. फिरत्या पट्ट्याच्या सुशीत टेबलावर काळा नळ असतो तो हात धुवायचा नाही, त्यातनं चहाचं उकळतं पाणी येतं, भाजून घ्याल. टोकियोत शिंजुकूच्या नाकामुराया हॉटेलात चिकन करी खा, ही क्रांतिकारक रासबिहारी बोसांनी शिकवलेली, १९२७ पासून मेनूवर आहे. इंग्रजांपासून लपलेल्या बोसांना नाकामुरायाच्या मालकांच्या घरानंच आसरा दिला होता आणि पुढं ते त्यांचेच जावई झाले.

गोडात आन्को, लाल अझुकीचं पुरणच ते, फक्त वेलदोडा-जायफळ विसरलेलं, माशाच्या आकाराच्या ताइयाकीत गरम गरम भरून देतात. पिठात अंडं असू शकतं, ते बघा. चहाची तलफ असलेल्यांनी व्हेंडिंग मशीनमध्ये लाल पट्टीचं बघायचं, ते गरम असतं, दुधाचा चहा बाटलीत मिळतो. हॉटेलात पाणी बर्फाचंच आणतात, गरम पाहिजे तर "ओयु" म्हणा.

चॉपस्टिक भातात उभी खोचू नका आणि एकमेकांच्या चॉपस्टिकला चॉपस्टिक लावून घास देऊ नका, दोन्ही तिकडं मयताच्या वेळचं आहे. टिप द्यायची नाही, मागं पळत येऊन परत देतात. कचरापेटी कुठं दिसत नाही, खिशात एक पिशवी ठेवा. रेल्वेत फोनवर बोलायचं नाही, आपल्याला हेच सगळ्यात अवघड.

परत निघताना खिशात चिल्लर किलोभर झालेली असते आणि नाणी इकडं कोण बदलून देत नाही. शेवटच्या दिवशी कॉम्बिनीत भाच्यांसाठी खाऊ घ्या आणि ट्रेमध्ये सगळी नाणी ओता, उरली तर विमानतळावरच्या खेळण्यांच्या मशीनमध्ये १०० ची नाणी घालवा. ५०० चं नाणं मात्र आधीच वेगळं काढा, आपल्या नाण्यांच्या सवयीनं माणूस ते चिल्लर समजून देऊन टाकतो, जवळजवळ तीनशे रुपये आहेत ते.